मूत्रावरोध व तीव्र मूत्रसंसर्ग, वार्धक्यातील

मूत्रपिंडापासून मूत्रमार्गाच्या मुखापर्यंत लघवीच्या वाटेत कोठेही अडथळा उत्पन्न होणे, आणि त्यामुळे साचून राहिलेल्या लघवीत जंतूंची वाढ होऊन ते रक्तात पसरणे, या दोन घटनांच्या संयोगातून वृद्धांत उद्भवणारी प्राणघातक व्याधी. केवळ अडथळा असेल तर मूत्रपिंडांची हानी दिवस-आठवड्यांच्या मुदतीत होते. केवळ संसर्ग असेल तर तो बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात येतो. परंतु ही दोन्ही एकत्र आली म्हणजे काही तासांत रक्तदाब कोसळून रोगी दगावू शकतो. म्हणूनच या व्याधीच्या चिकित्सेचे आद्य सूत्र असे आहे की, तुंबलेल्या लघवीला वाट करून दिल्यावाचून कितीही भारी प्रतिजैविक दिले तरी ते पुरे पडत नाही.

पुरुषांत या अडथळ्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे मूत्राशयाच्या तळाशी मूत्रमार्गाला वेढून असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीची वाढ. साठीच्या पुढे निम्म्याहून अधिक पुरुषांत ही ग्रंथी कमीअधिक वाढलेली आढळते. धार बारीक होणे, लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, रात्री वारंवार उठावे लागणे ही तिची लक्षणे होत, आणि ती वयाच्या नावावर खपवली जातात. सामान्यतः मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. एकाएकी लघवी कोंडली तर असह्य वेदना होतात व रोगी धावत दवाखाना गाठतो. पण महिनोन्महिने सावकाश तुंबत गेलेल्या मूत्राशयात लिटरभर किंवा त्याहून अधिक लघवी साठूनही वेदना होत नाही, उलट भरून वाहणारी लघवी थेंबाथेंबाने अंथरूण भिजवीत राहते, आणि घरचे लोक ‘लघवी तर होतेच आहे’ अशा समजुतीत निर्धास्त असतात. हा प्रकार अधिक घातक, कारण तोवर दोन्ही मूत्रपिंडे फुगून रक्तातील क्रिअ‍ॅटिनिन चढलेले असते, म्हणजेच त्यांचे काम मंदावलेले असते. मुतखडा, मूत्रमार्गाचे आकुंचन, मूत्राशयाचा वा प्रोस्टेटचा कर्करोग, मधुमेहाने किंवा पक्षाघाताने दुबळे झालेले मज्जातंतू ही इतर कारणे. स्त्रियांत अंग बाहेर येणे आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मूत्रवाहिन्या दाबल्या जाणे यांचा विशेष विचार करावा लागतो. जुनाट बद्धकोष्ठ, तसेच सर्दीच्या, झोपेच्या व नैराश्यावरच्या काही गोळ्या काठावर असलेल्या रोग्याला पलीकडे ढकलतात.

नाशिक जिल्ह्यात या कारणांना स्थानिक परिस्थितीची जोड मिळते. निफाडच्या परिसरात काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. थंडीने प्रोस्टेटच्या व मूत्राशयमुखाच्या स्नायूंचा ताण वाढतो, आणि त्याच दिवसांत सर्दी-पडशासाठी घेतलेल्या गोळ्या हा ताण आणखी वाढवतात. पौषात त्र्यंबकेश्वरी भरणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या यात्रेस, किंवा दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थास निघालेले वृद्ध वाटेत लघवीची सोय नाही म्हणून पाणी कमी पितात व तासन्‌तास लघवी दाबून धरतात. कांद्याच्या व द्राक्षांच्या शेतात मजुरीस जाणाऱ्या वयस्क स्त्रियांची गोष्ट याहून निराळी नाही. या सर्वांवर कडी करतो तो संकोच : लघवी अडल्याचे मुलाला सांगणे वृद्धास जड जाते, सुनेला सांगणे तर अशक्यप्राय वाटते, आणि म्हातारी तर कोणालाच सांगत नाही.

वार्धक्यात संसर्गाची ओळख पटणे कठीण असते. तरुणास हुडहुडी भरून ताप येतो, कंबरेत कळा येतात, लघवीला आग होते. सत्तरी उलटलेल्या रोग्यास यांपैकी काहीही न होता केवळ भान हरपणे, असंबद्ध बोलणे, अन्न सोडणे, उठता-बसता तोल जाऊन पडणे एवढेच दिसू शकते, आणि अंगास हात लावला तर ते थंडही लागते. श्वासाचा वेग मिनिटाला २२ वा अधिक, वरचा रक्तदाब १०० वा त्याहून कमी आणि शुद्धीत बदल, या तिहींपैकी दोन आढळल्यास जंतुदोष रक्तात गेल्याचा संशय धरून इलाज चालू करावा.

उपचाराचा क्रम ठरलेला असला तरी त्यातील कृती बहुधा एकाच वेळी कराव्या लागतात. रक्त व लघवी कल्चरसाठी घेऊन लगेच, आणि रक्तदाब ढासळलेला असल्यास पहिल्या तासाच्या आत, शिरेतून प्रतिजैविक द्यावे. सलाइन द्यावे, आणि त्याने रक्तदाब सावरत नसल्यास तो चढवणारे नॉरअ‍ॅड्रेनलीन चालू करावे. सोनोग्राफीने अडथळा कोठे आहे ते पाहावे. तो मूत्राशयाखाली असेल तर मूत्रमार्गातून नळी घालून मूत्राशय मोकळा करता येतो. नळी जात नसेल तर बळजबरी न करता ओटीपोटातून मूत्राशयात नळी बसवावी. अडथळा मूत्रवाहिनीत असेल तर मूत्राशयातील नळीचा उपयोग होत नाही : दुर्बिणीने आत डी. जे. स्टेंट ही बारीक नळी सरकवून किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालून पू झालेली लघवी बाहेर काढावी लागते. खडा फोडण्याचा आग्रह त्या दिवशी धरू नये. संसर्ग शमल्यावर ते काम निवांतपणे करता येते. मधुमेही रोग्यात क्वचित जंतूंमुळे मूत्रपिंडातच वायू निर्माण होतो, आणि तो सी. टी. स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो. हा प्रकार विशेष भयंकर होय.

नळी घातल्याने काम संपत नाही. दीर्घकाळ तुंबलेली मूत्रपिंडे मोकळी होताच काही रोग्यांत ताशी २०० मिलिलिटरहून अधिक लघवी होऊ लागते. अशा वेळी पाणी, सोडियम व पोटॅशियम यांचा हिशोब रात्रभर राखावा लागतो, आणि यात हयगय झाली तर वाचलेला रोगी पुन्हा कोसळतो. प्रतिजैविकाची मात्रा मूत्रपिंडांच्या शक्तीनुसार बेतावी. जेंटामायसीनसारखी औषधे दुबळ्या मूत्रपिंडांस अपाय करतात. नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारे ई. कोलाय जंतू आज आपल्याकडे सर्रास आढळतात, त्यास चिठ्ठीवाचून दुकानातून औषध नेण्याचा प्रघात बराचसा कारणीभूत आहे.

मूत्रावरोधाचा विचार भारतीय वैद्यकात फार जुना. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले असून, गुदमार्ग व मूत्राशय यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ होऊन मलमूत्र अडते, असे जे वाताष्ठीलेचे वर्णन तेथे येते, ते वाढलेल्या प्रोस्टेटशी विलक्षण जुळते. आधुनिक शल्यतंत्राचाही हिंदुस्थानाशी संबंध आहे : १८७५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झालेले आयरिश शल्यवैद्य पीटर फ्रेयर यांनी उत्तर हिंदुस्थानात मुतखड्याच्या शस्त्रक्रियांत नाव कमावले, आणि विलायतेस परतल्यावर १९०० साली लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात ओटीपोटातून प्रोस्टेट काढण्याची पद्धत रूढ केली. आत फुगा असलेली, आपोआप न निसटणारी नळी अमेरिकेतील फ्रेडरिक फोली यांच्या नावाने १९३०-४० च्या दशकात प्रचारात आली. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. जी. एम. फडके यांची गणना होते. मूत्रविकारतज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६१ साली स्थापन झाली.

तीव्र अवस्था ओसरल्यावर प्रोस्टेटच्या स्नायूंचा ताण उतरवणारे टॅमसुलोसीनसारखे औषध चालू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात. लघवी पुन्हा अडल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. ज्यांस कायमची नळी ठेवावी लागते त्यांच्या लघवीत महिनाभरात जंतू सापडतातच, म्हणून केवळ गढूळपणा पाहून प्रतिजैविक देऊ नये. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील, नळीस पीळ पडणार नाही आणि ठरल्या मुदतीत ती बदलली जाईल, एवढी तजवीज घरच्यांनी केली तरी अर्धी संकटे टळतात.

नाशिक शहरात त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालय, शालिमार परिसरातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय व आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय येथे या रोग्यांची सोय होते. पेठ-सुरगाण्यासारख्या घाटमाथ्याच्या तालुक्यांतून शहर गाठण्यास लागणारा वेळ हाच खरा शत्रू. म्हणून नळी घालून पहिले प्रतिजैविक देण्याचे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयातच व्हावयास हवे, आणि त्यानंतर रोगी पुढे पाठवावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर उपलब्ध आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास आयुष्मान योजनेखाली वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा हक्क मिळाला आहे. ओटीपोट फुगलेले, लघवी थेंबथेंब आणि बोलणे असंबद्ध, अशी अवस्था घरातील वृद्धाची दिसली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री त्यास दवाखान्यात न्यावे.