विल्सनचा सुतारपक्षी

उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांचा विषय निघाला की ऑड्युबॉनची भव्य चित्रे आठवतात. त्याच्याआधीचा अलेक्झांडर विल्सन बाजूलाच राहतो. साहित्याच्या अभ्यासकाने तरी त्याला विसरू नये. स्कॉटलंडमधील पेझलीचा हा विणकर मुळात कवी. गिरणीमालकावर उपहासपर कविता रचल्याबद्दल त्याने तुरुंग भोगला. ती कविता त्याला जाहीरपणे स्वतःच्या हाताने जाळावी लागली. १७९४ मध्ये तो अमेरिकेत आला, शाळामास्तर झाला आणि फिलाडेल्फियाजवळ विल्यम बार्ट्रम या निसर्गाभ्यासकाच्या सहवासात पक्षी रेखाटू लागला.

‘अमेरिकन ऑर्निथॉलॉजी’चा पहिला खंड १८०८ मध्ये निघाला. १८१३ मध्ये विल्सन वारला. नववा खंड जॉर्ज ऑर्डने पुरा केला. जातीकुळींची चौकट विल्सनने युरोपातल्या पंडितांकडून घेतली, पण पक्षी छापले ते चित्रे तयार होतील त्या क्रमाने, आणि खर्च वाचवण्यासाठी एकेका पानावर दाटीवाटीने. वर्गीकरणकाराला हा गोंधळच वाटणार. मला मात्र त्यात लॅटिन नावाइतकाच पक्ष्याचा सहवासही मोलाचा मानणारा लेखक दिसतो.

विल्मिंग्टनजवळ त्याने हस्तिदंती चोचीचा एक सुतारपक्षी टिपला. पंखाला किरकोळ इजा झालेला तो नर लहान मुलासारखा आक्रोश करू लागला. गावातून जाताना बायका दारा-खिडक्यांत धावून आल्या. खानावळवाल्यापाशी विल्सनने स्वतःसाठी आणि ‘बाळासाठी’ जागा मागितली! तासाभरात बाळाने खोलीची भिंत पोखरली. मग टेबलाला बांधले, तर महोगनीच्या त्या टेबलाचीही वाट लावली. चित्र काढू देतानाही त्याने विल्सनला ठिकठिकाणी जखमी केले. अन्नाला शिवला नाही, तिसऱ्या दिवशी मेला. आपल्याला खेद झाला, असे विल्सनने मोकळेपणी नोंदवले आहे. गोळी घातल्यावाचून वर्णन नाही, हा त्या काळचा रिवाज. तो त्याने लपवला नाही.

केंटकीत फ्रँकफर्टजवळ त्याने प्रवासी कबुतरांच्या एका थव्याचा हिशेब मांडला: मैलभर रुंदी, मिनिटाला एक मैल वेग, चार तास अखंड ओघ, दर चौरस यार्डाला तीन पक्षी, म्हणजे २,२३,०२,७२,०००. त्या जातीचे शेवटचे कबूतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. सुतारपक्ष्याचे सर्वमान्य असे शेवटचे दर्शन १९४४ मधले, लुइझियानातले. पुढे त्याच्या शोधात निघालेल्यांनी जुनी वर्णने पुन्हा पुन्हा चाळली, त्यांत विल्सनचे हे पानही होते.