उपप्रश्नाचा हक्क

मराठी सभेचा क्रम सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे: दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, भाषण, अध्यक्षीय समारोप आणि आभार. यात प्रश्नोत्तरांना जागा मिळालीच तर ती भाषण आणि समारोप यांच्या सांदीत मिळते, आणि भाषण लांबले की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. ‘वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ’ हे वाक्य ऐकायची श्रोत्यांनाही सवय झाली आहे. यावर नेहमी दोन उपाय सुचवले जातात. वक्ता हजरजबाबी असावा आणि श्रोत्यांनी थोडक्यात विचारावे. दोन्ही सूचना रास्त आहेत, पण त्यांनी फरक पडत नाही, कारण दुखणे माणसांच्या स्वभावात नसून सभेच्या रचनेत आहे. आपल्याकडच्या जाहीर प्रश्नोत्तरांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रश्नोत्तरे खरी ठरतात ती उपप्रश्नाने, म्हणजे उत्तर ऐकून झाल्यावर त्याच माणसाने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाने. आणि हा हक्क विचारणाऱ्याच्या धिटाईने टिकत नाही किंवा उत्तर देणाऱ्याच्या औदार्यानेही टिकत नाही. तो टिकवायला दोघांशीही देणेघेणे नसलेला तिसरा माणूस लागतो.

जाहीर वाद घालणे आपल्याला इंग्रजांनी शिकवले, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्यांनी आपापसांत चर्चा कशी करावी याचे सविस्तर शास्त्रच आहे. मैत्रीने केलेली चर्चा वेगळी, जिंकण्यासाठी केलेली वेगळी. आणि बोलायला उभे राहण्याआधी समोरची परिषद जाणत्यांची आहे की अजाणांची, अनुकूल आहे, तटस्थ आहे की विरोधात गेलेली आहे, हे ओळखावे असे चरक बजावतो. इकडे मराठी मुलखात कलगी-तुऱ्याच्या फडांनी सवाल-जवाब रंगवले. तुरेवाल्यांनी शिवाचे श्रेष्ठत्व सांगायचे, कलगीवाल्यांनी शक्तीचे, आणि एकाने घातलेले कूट दुसऱ्याने सोडवायचे. पण या सगळ्यांत विचारणारा हा उत्तर देणाऱ्याच्याच तोलाचा असे, शास्त्र्यापुढे शास्त्री आणि शाहिरापुढे शाहीर. श्रोता साक्षीला. कीर्तनात तो टाळी देई, नामघोषात सामील होई, पण बुवांना मध्येच अडवून ‘हे कशावरून?’ असे विचारत नसे. समोर बसलेल्या कोणीही उठावे आणि बोलणाऱ्याला जाब विचारावा ही अपेक्षा रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिची पहिली मोठी शाळा मुंबईतल्या धर्मविषयक वादांत भरली.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि दोन वर्षांत मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला. या वादाचा पुढचा प्रवास बोलका आहे. तोंडी वाद संपला, पण कोणाचे समाधान झाले नाही. मोरभटांनी १८३१ साली ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक छापले. विल्सननी १८३२ साली पुस्तकानेच प्रत्युत्तर दिले. मग साताऱ्याचे नारायणराव या वादात उतरले आणि १८३४ साली विल्सनना दुसरे उत्तर लिहावे लागले. सभेत जो प्रश्न उत्तर ऐकल्याबरोबर पुढच्या क्षणी यायला हवा होता, त्याला छापखान्याच्या वाटेने यायला वर्षे लागली. छापील वादाचे फायदे आहेत, पण तो काळ लागणे हीच सभेच्या अपुरेपणाची खूण आहे. सभेत एक फेरी झाली, दोन्ही बाजू आपापल्या जागी घट्ट राहिल्या आणि खरी खोदाखोद बाहेर झाली.

पंचवीस वर्षांनी हेच मोठ्या प्रमाणावर घडले. विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णु भिकाजी गोखले, एके काळी कस्टम खात्यात नोकरीला होते. इंग्रजी शिक्षण नाही, पाठीशी संस्था नाही, पण बोलणे धारदार आणि आत्मविश्वास दांडगा. १८५६ साली ते मुंबईत आले आणि १८५७ च्या जानेवारीपासून मेअखेरपर्यंत दर आठवड्याला समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या सभा भरल्या. विष्णुबुवांनी वैदिक धर्माची बाजू मांडायची आणि मिशनऱ्यांनी शंका काढायच्या. समोरच्यांत अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन प्रमुख होते. ते ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवत. सभागृहाच्या भिंती नाहीत, दाराशी अडवणारा नाही, ज्याला यायचे त्याने यावे. मोकळेपणाचा याहून मोठा नमुना त्या काळात क्वचितच सापडेल. पण शेवट काय झाला? बोवेन यांनी आपला वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत छापला. विष्णुबुवांच्या बाजूचा मराठी वृत्तांत त्यांच्या निधनानंतर, १८७२ साली, पुस्तकरूपाने आला. एकाच सभांची दोन पुस्तके झाली, कारण दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी एकच नोंद ठेवणारे कोणी नव्हते. मोकळी जागा, मोठी गर्दी, तयारीचा वक्ता आणि तयारीचे विरोधक एवढे सगळे असूनही प्रश्न तडीस गेले नाहीत. सभा बोलावणारा, बोलणारा आणि उत्तर देणारा एकच असला की कोणत्या शंकेवर किती थांबायचे हेही तोच ठरवतो. मग विचारणाऱ्याला एकच मार्ग उरतो, घरी जाऊन आपले पुस्तक लिहायचे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि व्याख्यान हा मराठी शहरी जीवनाचा नेम झाला. ऐकायची सवय लागली. विचारायचा हक्क मात्र कायद्याच्या वाटेने, तुकड्यातुकड्याने आला, आणि तो आला तो कायदेमंडळात. १८६१ च्या कायद्याने नेमलेल्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारता येत नव्हते. १८९२ च्या कायद्याने ती मुभा दिली, पण आधी सूचना द्यायची, सरकार तयार उत्तर वाचणार आणि तिथेच विषय संपणार. उपप्रश्नाला मनाई होती. राज्यकर्ते या बाबतीत भोळे नव्हते. पहिल्या प्रश्नाला घाबरण्यासारखे काही नसते, त्याचे उत्तर खात्यातला कारकून आदल्या दिवशी तयार करून ठेवतो. धोका असतो तो उत्तरातल्या फटीवर बोट ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रश्नात. म्हणून १९०९ च्या सुधारणांत उपप्रश्न आला तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरता, आणि १९१९ च्या कायद्यानंतर तो सर्व सभासदांना मिळाला. प्रश्न विचारण्याची परवानगी आणि उपप्रश्नाचा पूर्ण हक्क यांच्यामध्ये पाव शतकाहून अधिक काळ गेला. सत्तेने कोणती गोष्ट सर्वांत उशिरा सोडली हे पाहिले की त्या गोष्टीची खरी किंमत कळते.

हक्क कागदावर आला तरी तो वापरू देणारा निःपक्ष माणूस लागतोच. विठ्ठलभाई पटेल मुंबईतून पुढे आलेले वकील आणि राजकारणी. १९२५ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले आणि खुर्चीवर बसताच त्यांनी स्वराज्य पक्ष सोडला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. तोवर कायदेमंडळाची कचेरी सरकारच्याच विधी खात्याच्या हाताखाली होती, म्हणजे सभासदांचे प्रश्न ज्या टेबलावर येत ते टेबल उत्तर देणाऱ्यांच्या मालकीचे होते. विठ्ठलभाईंच्या आग्रहाने १९२९ साली अध्यक्षांच्या अखत्यारीतली स्वतंत्र कचेरी झाली. ही बाब कारकुनी वाटते, पण प्रश्नोत्तरांचे सारे मर्म तिच्यात आहे. उत्तर देणाऱ्याच्या माणसांनी प्रश्न निवडू नयेत. हीच व्यवस्था आजच्या संसदेत चालत आली आहे. लोकसभेत एका दिवसासाठी तोंडी उत्तराचे २० तारांकित प्रश्न असतात आणि लेखी उत्तराचे २३० अतारांकित. उपप्रश्न फक्त तारांकितांवर विचारता येतो. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात साथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तेव्हा लेखी उत्तरे चालूच होती. तरी विरोधकांनी गदारोळ केला, कारण कागदावरच्या उत्तराला ‘मग असे असताना तसे कसे?’ असे विचारता येत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की, अध्यक्ष, नियम आणि पाळी ही सगळी वरच्या वर्गाची हत्यारे आहेत. खुर्चीवर कोण बसे आणि कोणाला बोलू दिले जाई हे ठाऊकच आहे. आक्षेपात तथ्य आहे. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली प्रसिद्ध झाली, ती पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांनीच भरलेली आहे, आणि ते प्रश्न भर सभेत विचारायला बाईला तेव्हा जागा नव्हती म्हणून ते पुस्तकात आले. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला तो हंटर आयोगापुढे, लेखी निवेदनातून. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. नियम नसले की मोठ्या आवाजाचा, ओळखीचा आणि पहिल्या रांगेतला माणूस आपोआप जिंकतो. मागे बसलेल्या मुलीच्या हातात माईक जावा असे वाटत असेल तर तो तिथवर नेणारे कोणी तरी असले पाहिजे. वाईट अध्यक्षाला उपाय अध्यक्ष नसणे हा नाही. अध्यक्ष यजमानांच्या आणि पाहुण्यांच्या कह्यात नसणे हा आहे.

दुसरा आक्षेप असा की, सभा म्हणजे संसद नव्हे. पाहुणा मंत्री नव्हे, त्याची उलटतपासणी करणे आदरातिथ्याला शोभत नाही, आणि वेळही नसतो. पाहुण्याचा मान राखायलाच हवा. पण जो माणूस शेकडो लोकांपुढे काही विधाने करतो, त्याला एका श्रोत्याने एक उपप्रश्न विचारणे हा अपमान नाही, उलट त्याचे म्हणणे नीट ऐकल्याची पावती आहे. वेळेचा हिशेबही फसवा आहे. माईक एकदाच मिळणार हे माहीत असलेला श्रोता आपल्या मनातले सगळे त्या एका संधीत कोंबतो: आधी स्वतःची ओळख, मग वक्त्याची स्तुती, मग आपले मत आणि शेवटी ओढूनताणून प्रश्नचिन्ह. दुसरी पाळी नक्की आहे हे कळले की पहिली आपोआप आखूड होते. ‘तीन प्रश्न एकदम घेऊ’ ही रीत तर वक्त्याच्या पथ्यावरच पडते. तिघांच्या पानातले सोपे तेवढे उचलून तो अवघड तसेच ठेवू शकतो, आणि ज्याचे राहिले त्याचा माईक तोवर पुढे गेलेला असतो.

चिठ्ठ्यांचेही तेच. स्वयंसेवक रांगांतून फिरून चिठ्ठ्या गोळा करतो आणि टेबलावर ठेवतो. त्या चाळतो तो बहुतेक वेळा पाहुण्यांना बोलावणारा, त्यांच्या शेजारी बसलेला संयोजक. तो दोन चिठ्ठ्या वर काढतो, एक खाली सरकवतो आणि एक घडी घालून बाजूला ठेवतो. त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला आपला पाहुणा जपायचा असतो. पण १९२९ पूर्वीच्या त्या सरकारी टेबलात आणि या टेबलात फरक कोणता? शिवाय चिठ्ठी लिहिणारा बहुधा निनावी असतो, म्हणून त्याला उपप्रश्नही नाही. लाजऱ्या माणसासाठी चिठ्ठी हवीच. पण ती त्याच्या पहिल्या प्रश्नापुरती असावी, आणि उत्तर झाल्यावर ‘ज्यांची ही चिठ्ठी होती त्यांना पुढे काही विचारायचे आहे का?’ एवढे एक वाक्य सूत्रसंचालकाच्या तोंडी असावे.

तेव्हा व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळींना विनंती अशी की, हजरजबाबी पाहुणा शोधण्यात घालवता त्यातली थोडी मेहनत या रचनेवर घाला. पुढच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नोत्तरांची वेळ घड्याळाच्या आकड्यांत छापा आणि भाषण लांबले तर ती वेळ सत्कारातून आणि समारोपातून कापा. प्रश्न घेणारा माणूस पाहुण्यांना बोलावणाऱ्यांपैकी नसू द्या. कमी प्रश्न घ्या, पण उत्तर ऐकल्यावर प्रत्येकाला एकदा पुन्हा विचारू द्या. एवढे केले तर सभेचा खर्च एका रुपयाने वाढणार नाही, आणि जे मिळवायला कायदेमंडळाला १८९२ पासून १९१९ नंतरपर्यंत वाट पाहावी लागली ते तुमच्या श्रोत्यांना एका संध्याकाळी मिळेल.