पारा उडालेला आरसा

फुटका आरसा घरात ठेवू नये म्हणतात. मिरजेच्या आमच्या घरात मात्र अम्मी त्याचे तुकडे पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवून कोनाडा सजवायची. ओगले बंधूंनी १९१६ साली कराडजवळ काच कारखाना काढला. तिथल्या ‘प्रभाकर’ कंदिलाच्या उजेडात तो कोनाडा लखलखे.

एखादा तुकडा काळवंडला, की ती म्हणे, ‘पारा उडाला.’ खरं तर तिथं पारा नव्हताच. पूर्वी काचेमागे कथील आणि पारा लावत. पाऱ्याच्या वाफेनं कारागिरांचे हात थरथरू लागत, दात पडत. १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी काचेवर चांदीचा थर देण्याची रीत शोधली. हळूहळू पारा गेला, आरसा गरिबाघरी आला.

भाषेत मात्र पारा राहिला. तो शब्द ऐकला, की मला ते थरथरणारे हात आठवतात.