कामातील बर्नआउट (छत्रपती संभाजीनगर)

कामाचा ताण महिनोन्‌महिने साचत राहून वेळीच हलका झाला नाही, तर येणारी अवस्था. तिची तीन लक्षणे मानतात : झोपूनही न उतरणारा थकवा; कामावरून मन उडणे, समोरच्या माणसाशी कोरडेपणाने वागणे; आणि आपल्या हातून काही धड होत नाही, ही भावना. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतील मोफत दवाखान्यांच्या कार्यकर्त्यांत ती टिपली. क्रिस्टिना मॅस्लाक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची नोंद आजार म्हणून नव्हे, तर नोकरीशी निगडित घटना म्हणून केली. म्हणजेच तिचे मूळ कामाच्या रचनेत शोधावे लागते. कामगाराला कमकुवत ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

शहरातील रूपे : चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींवर शहराचे अर्थकारण उभे आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि सुट्या भागांचे लहानमोठे पुरवठादार वाढत गेले. साखळीत वरच्या कंपनीचे वेळापत्रक खालच्या वर्कशॉपपर्यंत ‘टार्गेट’ होऊन उतरते. थर्ड शिफ्ट करून सकाळी खोलीवर परतलेला कामगार मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली झोपू पाहतो. तेवढ्यात पाण्याचा टँकर येतो आणि पाणी भरायला उठावे लागते. शरीर रात्रपाळीला रुळते न रुळते तोच पाळी बदलते. कंत्राटी कामगाराला सुट्टी म्हणजे बुडालेला रोज, म्हणून तो अंगावर ताप काढत ओव्हरटाइमही करतो.

१९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे ‘घाटी’त, मराठवाड्यासह बुलढाणा, जळगावकडचेही रुग्ण येतात. निवासी डॉक्टर एकीकडे सलाइन लावतो, दुसरीकडे घाबरलेल्या नातेवाइकांना समजावतो, आणि त्याच दिवसांत त्याला पदव्युत्तर परीक्षेचा अभ्यासही करायचा असतो. शासकीय रुग्णालयांतील सलग लांबणाऱ्या ड्युट्यांविरुद्ध ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने वेळोवेळी आवाज उठवला आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांच्या आत ठेवण्याची शिफारस केली.

परिणाम : कर्मचाऱ्याची झोप मोडते, चिडचिड घरापर्यंत पोचते, नैराश्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो. मालकाचे नुकसान वेगवेगळ्या खात्यांत विखुरते : नापास सुट्या भागांचे प्रमाण (रिजेक्शन) वाढते, प्रेसवर हात सापडण्याची भीती वाढते, दांड्या पडतात, तयार झालेला ऑपरेटर सोडून जातो आणि नव्याला शिकवण्यात पुन्हा वेळ जातो. रुग्णालयात डॉक्टरांच्या थकव्याची किंमत रुग्णही मोजतो.

कायदा व उपाय : कारखाने अधिनियम, १९४८ ने रोज ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांचीच राहिली. पाळी लांबली, तर त्या बदल्यातली विश्रांती हजेरीपटावर दिसलीच पाहिजे.

मॅस्लाक व मायकल लायटर यांनी कामाचा बोजा, निर्णयाची मुभा, मोबदला, सहकाऱ्यांचा आधार, न्याय्य वागणूक आणि मूल्ये अशी सहा कारणक्षेत्रे सांगितली आहेत. त्यानुसार पुरेसे मनुष्यबळ, आधी कळवलेले पाळ्यांचे वेळापत्रक, रिलीव्हर आणि भरपगारी सुट्टी हे खरे उपाय ठरतात. योगशिबिर वा एखादे व्याख्यान त्यांची जागा घेऊ शकत नाही. त्रास असह्य होत असेल, तर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला मिळतो. तिथे फोन करणाऱ्याला सावरता येते. त्याला त्या टोकापर्यंत नेणारी ड्युटी बदलण्याची जबाबदारी मात्र मालकाची आणि शासनाची आहे.