‘राष्ट्र’ कुठून आले?

ढाक्यातल्या संसदेचे नाव ‘जातीय संसद’. कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीचे बंगाली नाव ‘जातीय ग्रंथागार’. अलीपूरला पहिल्यांदा हे अक्षर अक्षर जुळवत वाचले तेव्हा मी दचकलोच. पुस्तकांच्या घरातही जात? आपल्याकडे ‘जातीय’ म्हटले की पुढे तेढ, तणाव नाहीतर दंगल ठरलेली. बंगालीत, आणि तेलुगूतही, त्याच शब्दाचा अर्थ ‘राष्ट्रीय’.

व्युत्पत्तीच्या हिशेबाने बंगालीचे काही चुकलेले नाही. लॅटिन ‘नातिओ’ जन्मावरून आला, आपली ‘जाती’ही ‘जन्’ धातूचीच लेक. मध्ययुगात पॅरिसच्या विद्यापीठातली पोरे फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन, इंग्लिश अशा ‘नेशनां’त वाटलेली असत. आपल्या बोलीत, गाववाल्यांची मंडळे. 1789च्या फ्रेंच जाहीरनाम्याने हाच शब्द उचलून थेट राजाच्या गादीवर बसवला: सत्तेचा उगम राजात नाही, नेशनमध्ये आहे.

हे पाहुणे मराठीच्या दारात आले तेव्हा घरात शब्दांची वाण नव्हती. ‘देश’ होता, पण कोकणातल्या माणसाला देश म्हणजे घाट चढून गेल्यावर लागतो तो. ‘वतन’ही होते. उर्दू शायर वतनावर जीव ओवाळतो. आपल्याकडे वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भाऊबंदकी. वतनापायी मेलेले मराठी मुलखातही रग्गड निघतील, फक्त मारणारा बहुधा चुलतभाऊ. हे वतनदार म्हणजे राज्याचे दायाद, त्यांच्याशी जपून वागा, असे रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त बजावून ठेवले आहे. असला शब्द देशप्रेमाच्या कामाला कोण लावणार?

उरला ‘राष्ट्र’. वेदांइतका जुना, पण भावनेने ओथंबलेला वगैरे मुळीच नाही. मनुस्मृतीत राज्याच्या सात अंगांत राजा, अमात्य, खजिना यांच्या पंगतीला ते बसते, म्हणजे ज्यावर राज्य करायचे तो मुलूख. राष्ट्रकूटांच्या अमदानीत तर राष्ट्र हा सरळसरळ प्रशासकीय विभाग होता. त्याच्या पोटात ‘विषय’. विषयावर विषयपती, राष्ट्रावर राष्ट्रपती. आजच्या हिशेबाने हा राष्ट्रपती म्हणजे विभागीय आयुक्त, फार तर थोडा वरचा. 634 सालच्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीला 99,000 गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटले आहे. तीन! अस्मितेचे फलक रंगवणाऱ्यांना हे अनेकवचन कुणी दाखवू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महसुलाच्या या शब्दात ‘नेशन’चा प्राण फुंकला गेला. 1885 साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत 72 प्रतिनिधी जमले, आणि मराठी वर्तमानपत्रांत त्या काँग्रेसची ‘राष्ट्रीय सभा’ झाली. मग शब्द सुटलाच. राष्ट्रीय शिक्षण आले, राष्ट्रीय कीर्तन आले. बुवांचा फेटा तोच, झांज तीच, समोर बसलेल्या आजीबाईही त्याच. उत्तररंगात मात्र पुराणातल्या आख्यानाऐवजी इतिहासातला वीर उभा राहू लागला. 1905 साली बंगालची फाळणी झाली आणि ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. त्या होळीत कोट टाकणाऱ्या किती जणांनी हुगळी पाहिली असेल? न पाहिलेल्या माणसाचे दुखणे आपले वाटायला लावणे, ही राष्ट्रवादाची खरी कमाई. ती लहान नाही. परक्या साम्राज्यापुढे उभे राहायला एवढी माणसे दुसऱ्या कुठल्या शब्दाने गोळा झाली असती असे मला वाटत नाही.

पण हुगळी आपली वाटली, तरी वेशीबाहेरचा महारवाडा आपला वाटला का, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी त्याआधीच विचारून ठेवला होता. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ‘नेशन’साठी शब्द आहेत ‘एकमय लोक’. या देशातली सगळी माणसे एकमय होत नाहीत तोवर नेशन कसले, असा त्यांचा रोकडा सवाल. माझ्या मते मराठीत झालेले हे सर्वांत नेमके भाषांतर. ‘राष्ट्र’ म्हटले की ते आधीपासून आहेच असे वाटते, नुसते वंदन करायचे. ‘एकमय लोक’ म्हटले की काम शिल्लक असल्याचे कळते. अर्थातच हा प्रतिशब्द रुजला नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी तोच धागा पुढे नेला: हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे होतील, आणि आपण राष्ट्र आहोत असे मानणे हा भ्रमच आहे.

शब्द मात्र कुणालाच नाही म्हणाला नाही. 1925 साली नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, 1941 साली राष्ट्र सेवा दल. दोन्हीकडे शाखा, आणि राष्ट्र मात्र एकमेकांना न पटणारे.

कोर्टात या शब्दाची वेगळीच गंमत झाली. टिळकांवर खटले भरले ते राजद्रोहाचे. तेव्हा राजा एकीकडे आणि राष्ट्र दुसरीकडे, त्यामुळे राजद्रोही ठरणे हीच राष्ट्रभक्तीची पावती. राजा गेला, सरकार आपले झाले, आणि ही सोय संपली. आता सरकारला बोललेले देशाला लागते, आणि बोलणारा थेट देशद्रोही. 1908 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तिथे 1956 साली त्यांचेच शब्द कोरलेली पाटी बसली. अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागलांनी केले. ज्या कलमाखाली शिक्षा झाली ते 124अ तेव्हाही कायद्याच्या पुस्तकात होते. ते हलले 1 जुलै 2024 रोजी, आणि नव्या संहितेत त्याच्या जवळपासचे कलम 152 येऊन बसले.