अभियोग चालविण्याचे प्रशिक्षण (महाराष्ट्र)

अभियोग चालविण्याचे प्रशिक्षण म्हणजे फौजदारी खटल्यात राज्याची बाजू न्यायालयापुढे मांडणाऱ्या अभियोक्त्याला दिले जाणारे, अथवा त्याने प्रत्यक्ष कामातून मिळविलेले शिक्षण होय. परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हे काम सहायक सरकारी अभियोक्ता करतो. सत्र न्यायालयात ते सरकारी अभियोक्त्याकडे असते. फिर्यादीला त्यासाठी वकील करावा लागत नाही. त्याने खाजगी वकील दिलाच, तर त्या वकिलाला अभियोक्त्याच्या निर्देशानुसारच काम करावे लागते. त्यामुळे अभियोक्त्याच्या तयारीतील उणीव फिर्यादीला सहसा अन्य मार्गाने भरून काढता येत नाही.

पार्श्वभूमी

पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील खटले पोलीस खात्यातील अभियोक्ते चालवीत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही कामे सहायक सरकारी अभियोक्त्यांकडे सोपविली, तरी महाराष्ट्रात ते पुढेही पोलीस खात्याच्याच अधिपत्याखाली राहिले. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये त्यांचा संवर्ग पोलीस खात्यापासून वेगळा करण्याचा आदेश दिला. आज अभियोग संचालनालय गृह विभागाच्या अखत्यारीत असून सहायक सरकारी अभियोक्त्यांची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते.

शिक्षणाचे टप्पे

विधी महाविद्यालयात विद्यार्थ्याला अभिरूप न्यायालयात युक्तिवाद करावा लागतो आणि दोन खटल्यांचे कामकाज पाहून त्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. अभिरूप न्यायालयात बहुधा कायद्याच्या प्रश्नावर वाद होतो; साक्षीदार तपासण्याची कला तेथे क्वचितच हाती लागते. ती तालुका न्यायालयातच शिकावी लागते.

विहिरीवरील मोटारीच्या चोरीचा साधा खटला हे याचे चांगले उदाहरण आहे. अभियोक्त्याला दोषारोपपत्र हाती आल्यावर प्रथम पुराव्याची साखळी जुळवावी लागते: मोटार फिर्यादीची होती, ती चोरीस गेली, आरोपीच्या निवेदनावरून ती सापडली, आणि न्यायालयात हजर केलेला मुद्देमाल तोच आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. कोठडीतील आरोपीच्या निवेदनातील, वस्तू सापडण्याशी थेट संबंध असलेला भाग तेवढा ग्राह्य धरला जातो. नवख्या अभियोक्त्याची चूक बहुधा येथे होते. तो संपूर्ण निवेदन वाचून दाखवू पाहतो आणि बचाव पक्ष हरकत घेतो.

सरतपासणीत सूचक प्रश्न विचारता येत नाहीत. ‘मोटार आरोपीनेच काढून दिली ना?’ हा प्रश्न चालणार नाही. ‘पोलिसांबरोबर तुम्ही कोठे गेलात? तेथे काय घडले?’ असे विचारावे लागते. ग्रामीण साक्षीदार वेळ सांगताना घड्याळापेक्षा ‘दिवेलागणीला’, ‘कोंबडा आरवायच्या वक्ताला’ असे सांगतो. उत्तर त्याच्या तोंडी न घालता वेळ, अंतर आणि उजेड नेमका नोंदवून घेणे हे खरे कौशल्य होय. साक्षीत काहीतरी मोघम राहिले, की उलटतपासणीत बचावाचा वकील नेमके तेच पकडतो.

पंच फितूर होणे ही खेडेगावातील नित्याची अडचण आहे, कारण पंच आणि आरोपी पुष्कळदा एकाच गावचे असतात. अशा वेळी न्यायालयाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. मात्र पोलिसांनी नोंदविलेला जबाब हा स्वतः पुरावा नव्हे. तो विसंगती दाखविण्यापुरताच वापरता येतो. पंच फुटला तरी तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असल्यास जप्ती सिद्ध होऊ शकते. म्हणून त्याला साक्षीपूर्वी पंचनामा व नोंदी नीट पाहून येण्यास सांगितले जाते. समन्स, साक्षीदारांची हजेरी आणि मुद्देमाल यांचा पाठपुरावा पोलीस ठाण्याचा पैरवी अंमलदार करतो. त्याच्याशी मेळ नसेल तर चांगली तयारीही वाया जाते.

कर्तव्याची मर्यादा

शिव कुमार विरुद्ध हुकम चंद (१९९९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, काहीही करून शिक्षा मिळविणे हे अभियोक्त्याचे ध्येय असू नये. आरोपीला लाभदायक ठरणारी बाब दडविणे त्याच्या कर्तव्यात बसत नाही. फिर्यादीला हे पटवून देणे अनेकदा उलटतपासणीपेक्षा अवघड जाते.

न्यायालयीन भाषा

जिंतूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते व तेथील कारभार उर्दूतून चाले. आज महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. तथापि फिर्याद, जबाब, मुद्देमाल, पैरवी हे फार्सी-अरबी वळणाचे शब्द तिच्यात पूर्णपणे रुळले आहेत. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढील कामकाज इंग्रजीत चालत असल्याने अभियोक्त्याला दोन्ही भाषांत तयारी ठेवावी लागते.

नवे कायदे

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र आता दोन भागांत द्यावे लागते. त्यातील दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्या तारखेपूर्वी प्रलंबित असलेले खटले जुन्या संहितेनुसारच चालतात. त्यामुळे एकाच दिवसाच्या कामात अभियोक्त्याला दोन्ही कायद्यांची कलमे वापरावी लागतात.