जीएमसी सीसीकेडब्ल्यू ट्रकचे पुनरुज्जीवन

जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याचा अडीच टनी मालवाहू ट्रक होय. त्याच्या तिन्ही आसांना इंजिनाची शक्ती मिळत असे. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. १९४४ मध्ये फ्रान्समधील आघाडीला रसद पुरवणाऱ्या ‘रेड बॉल एक्सप्रेस’मध्ये त्यांचा मोठा वाटा होता. आज उरलेल्या ट्रकचे पुनरुज्जीवन करावे की ते आहेत त्या स्थितीत जतन करावेत, हा संग्राहकांपुढील मुख्य प्रश्न असतो.

निर्णयाचे निकष

प्रथम चेसिस तपासली जाते. सहा सिलिंडरचे, सुमारे ४.४ लिटरचे पेट्रोल इंजिन उघडून दुरुस्त करता येते. मात्र गंजाने पोखरलेली चेसिस खर्च कित्येक पटींनी वाढवते.

दुसरा निकष अस्सलपणाचा. उत्पादनकाळातच बंद केबिनच्या जागी कापडी छताची उघडी केबिन आली आणि पोलाद वाचवण्यासाठी हौदे लाकडी झाले. आसांचेही दोन प्रकार होते. त्यामुळे निरनिराळ्या ट्रकचे भाग एकत्र केल्यास कारखान्यातून कधीही बाहेर न पडलेले वाहन तयार होऊ शकते.

जतन की पुनरुज्जीवन

नंतरच्या रंगाच्या थरांखाली मूळ रंग व तुकडीची चिन्हे टिकून असू शकतात. वाळूच्या माऱ्याने पत्रा साफ केल्यास हा पुरावा कायमचा नष्ट होतो. ऐतिहासिक वाहनांविषयीची ट्यूरिन सनदही पुनरुज्जीवनापेक्षा जतनाला प्राधान्य देते. म्हणून मूळ अवशेष बऱ्याच प्रमाणात शिल्लक असलेल्या ट्रकची केवळ यांत्रिक दुरुस्ती करणे, तर मूळ स्वरूप आधीच हरवलेल्या ट्रकचे पूर्ण पुनरुज्जीवन करणे अधिक सयुक्तिक ठरते.